चर्चमधील कोठीघर

अन्नदानाची दोन रूपे आपल्याकडे पूर्वीपासून वेगळी ओळखली जातात. अन्नछत्रात शिजलेले अन्न पानावर पडते. सदावर्तात कोरडा शिधा पदरात पडतो. पंक्तीला बसणारा मनुष्य तेवढ्या वेळेपुरता दुसऱ्याच्या घरचा असतो. शिधा घेणारा आपल्या चुलीपाशी परततो, आपल्या चवीप्रमाणे शिजवतो आणि आपल्याच ताटात मुलांना वाढतो. दोन्ही दाने पुण्याचीच. पण घेणाऱ्याच्या मनाला त्यांतील अंतर चांगले कळते.

आज ज्या संस्थेविषयी आम्ही बोलणार आहोत ती या दुसऱ्या प्रकारची आहे. इंग्लंड-अमेरिकेतील पुष्कळ चर्चमध्ये गरजूंना कोरडा शिधा देण्याची सोय असते. अमेरिकेत तिला फूड पँट्री म्हणतात. पँट्री म्हणजे आपल्या जुन्या वाड्यातले कोठीघर. चर्चच्या तळघरात किंवा बाजूच्या सभागृहात फळ्या मांडलेल्या असतात. त्यांवर तांदूळ, शेवया, पीठ, डबाबंद कडधान्ये, दुधाची भुकटी, मुलांचे खाणे अशा वस्तू रचून ठेवतात. जमेल तेव्हा ताजी भाजी आणि फळेही येतात. बहुधा आठवड्यातून एकदोन दिवस दार उघडते, आणि शेजारपाजारची मंडळी पिशव्या घेऊन रांगेत उभी राहतात. आत काम करणारे बहुतेक सारे बिनपगारी स्वयंसेवक.

इतिहासाच्या व्याख्यानात डबाबंद घेवड्याला काय स्थान, असे कोणी विचारील. राजे, लढाया आणि तह यांच्या मानाने हा विषय क्षुल्लक दिसतो खरा. तथापि भुकेला मनुष्य दारात आला असता त्याला काय विचारायचे, हा प्रश्न कोणत्याही तहाइतकाच जुना आहे आणि त्याची निरनिराळी उत्तरे निरनिराळ्या काळांनी दिली आहेत. तू कोण? तू कोठला? तू खरोखरच गरजू आहेस कशावरून? तू आमच्या देवाला मानतोस काय? चर्चमधील कोठीघराचा इतिहास म्हणजे या प्रश्नांचा इतिहास होय. आणि त्या दारात घेणाऱ्यालाही कधी उलट प्रश्न विचारता आला काय, हे पाहणे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते.

आरंभच मुळी एका तक्रारीने होतो. नव्या करारातील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात जेरुसलेमच्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीची हकीकत आहे. तेथे विधवांना रोज अन्न वाटले जात असे. ग्रीक भाषा बोलणाऱ्या लोकांनी कुरकूर केली की, वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. मंडळी एक, श्रद्धा एक, तरी भाषेच्या भेदाने हात आखडला होता. प्रेषितांनी तक्रार झिडकारली नाही; सात माणसे निवडून वाटपाचे काम त्यांच्याकडे सोपवले. या सातांची नावे ग्रीक आहेत, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्यातलीच माणसे वाटपावर नेमली गेली असावीत, असे पुष्कळ अभ्यासक त्यावरून मानतात. चर्चमधील डीकन या पदाचे मूळ परंपरेने येथेच दाखवले जाते.

त्यानंतर दोनशे वर्षांत हे काम किती वाढले, याचा एक भक्कम पुरावा आहे. इ. स. २५१ च्या सुमारास रोमचा बिशप कॉर्नेलियस याने लिहिलेल्या पत्रात आपल्या मंडळीची मोजदाद दिली आहे. पंधराशेहून अधिक विधवा आणि अडलेली माणसे मंडळीच्या खर्चाने पोसली जात होती. ज्या धर्माला अजून राजमान्यता नव्हती, ज्याच्या अनुयायांचा छळ होत होता, त्याच्याजवळ एवढी मोठी यादी होती. यादी हा शब्द येथे प्रथम येतो आणि पुढे तो या इतिहासाला कधी सोडत नाही. यादीमुळे कोणी वगळला जात नाही, हा तिचा गुण. आणि यादीमुळेच कोणीतरी बाहेर राहतो, हा तिचा दोष.

या कामाची सर्वांत मोठी पावती मिळाली ती विरोधकाकडून. रोमन सम्राट ज्युलियन याला ख्रिस्ती धर्म मागे सारून जुन्या देवतांची उपासना पुन्हा उभी करायची होती. इ. स. ३६२ मध्ये गलातिया प्रांतातील मुख्य पुजारी अर्साकियस याला त्याने पत्र लिहिले. त्याचा आशय असा की, हे लोक स्वतःच्याच नव्हे तर आपल्याही गरिबांना पोसतात आणि आपण मात्र स्वस्थ बसतो, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. मग त्याने गावोगाव धर्मशाळा काढण्याची आज्ञा दिली आणि त्या प्रांतासाठी दरसाल ३०,००० मोडियस धान्य मंजूर केले. त्यातला पाचवा हिस्सा पुजाऱ्यांच्या सेवेतील गरिबांना आणि उरलेले परदेशी वाटसरूंना व याचकांना द्यावे, असे ठरवून दिले. पुढच्याच वर्षी तो लढाईत पडला आणि बेत तसाच राहिला. परंतु 'आपले गरीब' आणि 'त्यांचे गरीब' ही वाटणी मोडली की विरोधकालाही दानाचे दार उघडावे लागते, एवढा धडा त्या पत्रातून मिळतो.

दारात विचारावयाच्या प्रश्नासंबंधी सर्वांत उघड मत सापडते ते सातव्या शतकाच्या आरंभी, इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरात. तेथील धर्माध्यक्ष योहान याला दानशूर हे बिरुद मिळाले होते. त्याच्या यादीत साडेसात हजार गरीब होते, असे त्याचा चरित्रकार लेओन्तियस सांगतो. इराणच्या फौजांनी ६१४ मध्ये जेरुसलेम घेतले तेव्हा निर्वासितांचे लोंढे अलेक्झांड्रियास येऊ लागले. त्यांत काही स्त्रियांच्या अंगावर दागिने होते. वाटप करणाऱ्यांनी विचारले, यांना द्यावे काय? योहान रागावला. मागणाऱ्याला द्या, चौकशी करणारे नोकर मला नकोत, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. अंगावर सोने असलेली बाईसुद्धा काल घरदार सोडून पळालेली असू शकते, हे त्याला कळले होते. गरिबांना तो आपले धनी म्हणत असे. ही चरित्रे भाविकपणे लिहिलेली असतात, त्यांतला शब्द न् शब्द खरा धरण्याचे कारण नाही; पण वाटप करणाऱ्यांना हा प्रश्न तेव्हाही छळत होता, एवढे त्यावरून निश्चित कळते.

मध्ययुगात हे काम मुख्यतः मठांकडे गेले. इंग्लंडात विंचेस्टर येथे सेंट क्रॉस नावाचे धर्मादाय स्थान आहे. बाराव्या शतकात ते स्थापन झाले. तेथील द्वारपालाकडे कोणीही वाटसरूने मागावे आणि पावाचा तुकडा व शिंगाच्या पेल्यातून थोडी बिअर मिळवावी, ही रीत अजून चालू आहे. आता ती भुकेपेक्षा कौतुकापोटी घेतली जाते हे खरे. पण मागितले की मिळते, नाव-गाव कोणी विचारीत नाही, ही जुन्या दारातली पद्धत तेथे जिवंत राहिली आहे.

सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने मठ मोडले आणि त्यांची मिळकत जप्त केली. मठांच्या दारातील भाकरी बंद झाली, गरिबी मात्र बंद झाली नाही. अखेर १६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्तीवर, आपल्या गरिबांना पोसण्याची जबाबदारी टाकण्यात आली आणि त्यासाठी घरमालकांवर कर बसला. चर्चचे कारभारी व नेमलेले पर्यवेक्षक तो गोळा करीत. दान येथे सक्तीचे झाले, ही मोठी पायरी होती. पण कर भरणाऱ्याचे मन दान देणाऱ्याच्या मनाहून निराळे असते. 'हा आमच्या पॅरिशचा आहे काय?' हा प्रश्न ताबडतोब पुढे आला. १६६२ च्या कायद्याने परगावच्या गरिबाला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत धाडण्याची मुभा मिळाली. १६९७ च्या कायद्याने तर मदत घेणाऱ्याने उजव्या बाहीच्या खांद्यावर तांबड्या किंवा निळ्या कापडाचे 'पी' हे अक्षर आणि पॅरिशचे आद्याक्षर लावलेच पाहिजे, असे ठरले. बायकोमुलांनाही तोच नियम. हे कलम १८१० पर्यंत कायद्यात होते. भाकरी मिळत होती. पण ती खाणाऱ्याला बाजारातून जाताना सारे गाव ओळखत होते.

एकोणिसाव्या शतकात या विषयाला भेट देण्याची एक नवी कल्पना जोडली गेली, आणि तिचे दोन अगदी भिन्न अर्थ झाले. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेदेरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी आणि त्याचे मित्र यांनी गरिबांच्या घरी स्वतः जाण्याचा परिपाठ सुरू केला. सेंट व्हिन्सेंट द पॉल यांच्या नावाने निघालेली त्यांची संस्था पुढे जगभर पसरली. भाकरीची चिठ्ठी कोणाकडूनही पाठवता येते, पण घरी जाऊन बसल्यावाचून मनुष्य कळत नाही, ही त्यांची धारणा. उलट १८६९ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीने भेटीला चौकशीचे रूप दिले. पात्र गरीब कोण आणि अपात्र कोण, हे ठरवण्यासाठी घर तपासायचे, शेजाऱ्यांना विचारायचे, नोंद करायची. दोन्हीकडचे कार्यकर्ते सचोटीचे होते. पण एकाच दारावर पडलेल्या दोन थापांचे आवाज आतल्या माणसाला सारखे वाटले नसतील.

आता अमेरिकेकडे वळू, कारण कोठीघराचे आजचे रूप तेथे घडले. १९२९ नंतरच्या मंदीत लाखो कामगार बेकार झाले. न्यूयॉर्कमध्ये एकतिसाव्या रस्त्यावरील सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चच्या फ्रान्सिस्कन साधूंनी १९३० मध्ये सकाळी पाव वाटण्याची रांग सुरू केली. सरकारही जागे झाले. १९३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरात अन्नाचे स्टँप प्रथम देण्यात आले. नारिंगी स्टँप विकत घ्यायचे आणि त्यांबरोबर फुकट मिळणाऱ्या निळ्या स्टँपांवर शिलकी शेतमाल दुकानातून उचलायचा. १९४३ मध्ये ही योजना थांबली आणि १९६४ मध्ये कायद्याने पुन्हा कायमची झाली. यात चर्च कोठेच नव्हते. गरीब मनुष्य इतरांसारखा दुकानात जाई आणि हवे ते निवडी. दानाच्या रांगेपेक्षा ही पद्धत घेणाऱ्याला अधिक मानाची होती.

तरीही कोठीघरे वाढली. याचे कारण ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात सापडते. जॉन व्हॅन हेन्गेल नावाचे गृहस्थ तेथे सेंट व्हिन्सेंट द पॉल संस्थेच्या भोजनगृहात स्वयंसेवक होते. लोकांच्या बागांत संत्री-मोसंबी झाडावरच सडून जातात, असे पाहून त्यांनी ती मागून आणली. पुढे एका लेकुरवाळ्या बाईने त्यांना सांगितले की, मोठ्या दुकानांमागे फेकून दिलेले चांगले अन्न मिळते. बँकेत जसे पैसे ठेवतात आणि काढतात तशी अन्नाची काही सोय हवी. १९६७ मध्ये सेंट मेरीज चर्चने एक जुनी बेकरी आणि ३,००० डॉलर्स कर्जाऊ दिले, आणि सेंट मेरीज फूड बँक उभी राहिली. जगातील फूड बँकांची ही जननी समजली जाते. येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. फूड बँक ही ठोक वखार असते. कंपन्या, दुकाने आणि शेतकरी यांच्याकडचा शिलकी माल तेथे जमतो. कोठीघर हे किरकोळ दुकान. बँकेतून माल आणून ते तो शेजाऱ्यांच्या हाती देते. ही वखारीची योजना निघाल्यामुळे लहानशा चर्चलाही आठवड्याला काही टन अन्न वाटणे शक्य झाले. १९७९ मध्ये या बँकांची देशव्यापी संघटना झाली. २००८ पासून ती फीडिंग अमेरिका या नावाने चालते.

आता या कथेतील सर्वांत बोलकी गोष्ट. १९८१ मध्ये अमेरिकन सरकारने गरिबांवरील खर्च कमी केला. त्याच वेळी दुधाचे भाव टिकवण्यासाठी सरकारने विकत घेतलेल्या चीजचे ढीग सरकारी गोदामांत पडून होते. डिसेंबर १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी त्यातले ३ कोटी पौंड चीज वाटण्यास मोकळे केले. ते वाटायचे कोणी? अर्थातच चर्चेस आणि धर्मादाय संस्थांनी. या वाटपासाठी १९८३ मध्ये कायदा झाला, त्याच्या नावात 'तात्पुरती निकडीची अन्नमदत' असे शब्द होते. १९९० मध्ये त्या नावातून 'तात्पुरती' हा शब्द काढून टाकण्यात आला. भाषणे झाली नाहीत, मोर्चे निघाले नाहीत. एक विशेषण गेले. निकड कायमची झाली, हे सरकारने व्याकरणाने कबूल केले.

ब्रिटनमध्येही असेच घडले. ट्रसेल ट्रस्ट ही ख्रिस्ती प्रेरणेची संस्था १९९७ मध्ये बल्गेरियातील निराधार मुलांसाठी निघाली होती. तिच्या संस्थापकांनी २००० मध्ये सॉल्सबरी गावात आपल्या राहत्या घरीच शिधा साठवून वाटप सुरू केले. मग चर्चमागून चर्च त्या योजनेत आले. डॉक्टर, समाजसेवक किंवा सल्लाकेंद्र यांनी दिलेल्या चिठ्ठीवर तीन दिवसांचा शिधा द्यायचा, अशी पद्धत. २०१०-११ मध्ये या केंद्रांनी सुमारे ६१ हजार लोकांना शिधा दिला होता. २०२३-२४ मध्ये शिध्याच्या पिशव्यांची संख्या ३१ लाखांवर गेली. ही वाढ पाहून देणाऱ्यांच्या औदार्याचे कौतुक करावे की लोकांच्या मिळकतीची चिंता करावी? दोन्ही करावे लागते. जॅनेट पॉपेनडिक या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९९८ मध्ये नेमका हाच आक्षेप ग्रंथरूपाने मांडला. कोठीघरे पाहून समाजाला वाटते की भुकेची व्यवस्था लागली. आणि मग मूळ अन्याय दूर करण्याची तळमळ थंड पडते. आक्षेप कडू आहे, पण तो कोठीघरात प्रत्यक्ष काम केलेल्या पुष्कळांना पटला.

मग या कोठीघरांना भेट द्यावी की नाही, हातभार लावावा की नाही? द्यावी आणि लावावा, असेच आमचे मत आहे. मात्र डोळे उघडे ठेवून. तेथे गेलेल्याला पहिली गोष्ट दिसते ती ही की, रांगेत भिकारी नसतात. कामावरून आलेली माणसे असतात, पेन्शनीवर जगणारी वृद्ध असतात, कडेवर मूल घेतलेल्या आया असतात. भाडे आणि औषधे भागवल्यावर त्यांच्याजवळ जे उरते त्यात महिना सरत नाही. दुसरी गोष्ट दिसते ती मागच्या खोलीत. कोणीतरी प्रेमाने दिलेला डबा मुदत उलटलेला असतो. मधुमेही माणसाच्या वाट्याला गोड पाकातली फळे येतात. ब्रिटनमध्ये काही केंद्रांना केवळ उकळते पाणी घालून खाता येईल असा वेगळा शिधा बांधावा लागतो, कारण घेणाऱ्याकडे चूल पेटवण्याइतकाही पैसा नसतो. शिधा घेणारा आपल्या चुलीपाशी परततो, असे आम्ही प्रारंभी म्हटले; ती चूलच थंड असेल तर शिध्याचा मानही अर्धा होतो. म्हणून जाणते कार्यकर्ते सांगतात की, घरातले नको असलेले डबे आणण्यापूर्वी काय हवे ते विचारा, आणि शक्य तर रोख द्या. वखारीतून ठोक भावाने त्याच पैशात अधिक अन्न येते.

तिसरी गोष्ट वाटपाच्या पद्धतीची. पूर्वी बांधून ठेवलेली पिशवी हाती देत. आता पुष्कळ ठिकाणी फळ्यांपुढून फिरून माणसाने स्वतः निवडावे, अशी रचना करतात. सॅन फ्रान्सिस्को येथील सेंट ग्रेगरी ऑफ निसा या चर्चमध्ये सारा माइल्स या बाईंनी २००० मध्ये असे कोठीघर सुरू केले. भाजी आणि धान्य तळघरात नव्हे, थेट वेदीभोवती मांडले. जो येईल त्याला द्यायचे, कागदपत्र मागायचे नाही. थोड्याच काळात घ्यायला आलेलीच माणसे वाटपाला उभी राहू लागली. अलेक्झांड्रियाच्या योहानाचे उत्तर आणि जेरुसलेमच्या सात माणसांची तोड, ही दोन्ही येथे एका खोलीत आलेली आम्हांस दिसतात.

हा सारा इतिहास परक्यांचा म्हणून बाजूला ठेवता येत नाही, कारण त्याची एक शाखा महाराष्ट्रातून गेली आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात ख्रिस्ती मिशनांनी दक्षिणेत अन्न वाटले, आणि पोटासाठी धर्म बदलतात हा आरोपही त्या काळात ऐकू आला. आरोपात द्वेष होता तसा विचारही होता. दारात 'तू आमच्या देवाला मानतोस काय?' हा प्रश्न उघड विचारला नाही तरी भुकेल्याला तो ऐकू येऊ शकतो. १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातून रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाहेर पडले ते याच शंकेने. पण त्याच रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः फिरून शेकडो मुली आणि बाया वाचवल्या, केडगावला मुक्तिसदन उभे केले आणि शेती, विणकाम, छापखाना यांत त्यांच्या हातांना काम दिले. टीकाकारांनी विचारलेला प्रश्न योग्य होता. पण त्या मुलींना आणायला टीकाकारांपैकी किती जण गेले, हेही विचारले पाहिजे. १८७७ मध्ये धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम चालवणाऱ्या सत्यशोधक समाजाला आणि फुले दांपत्याला हे विचारण्याचा अधिकार होता. हात न लावणाऱ्यांना तो नव्हता.

त्याच १८७७ साली आणखी एक गोष्ट घडली. मुंबई इलाख्यातील दुष्काळी कामांवर सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीने रोजच्या मजुरीचा आधार एक पौंड धान्यापर्यंत खाली आणला गेला. उपाशी मजुरांनी ती मजुरी नाकारली आणि हजारोंनी काम सोडले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. पोटात अन्न नसतानाही अटी नाकारणारी ही माणसे आम्हांस जेरुसलेमच्या त्या विधवांची भावंडे वाटतात.

या नकाराचे फळ यायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लोकांनी मिलोच्या भाकरी खाल्ल्या, मुलांनी सुकडी खाल्ली. स्वयंसेवी आणि ख्रिस्ती संस्थांनीही मदत केली. पण भार पेलला तो सरकारी कामांनी. ऐन कडाक्यात सुमारे ५० लाख माणसे त्या कामांवर होती. वि. स. पागे यांनी पुरस्कारलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. मागणाऱ्याला काम देणे ही सरकारची कृपा राहिली नाही, बांधिलकी झाली. पुढे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांतील दरडोई महिना पाच किलो धान्याचा हक्क देशभर मान्य केला. रेशनच्या दुकानात अडचणी नाहीत असे कोणी म्हणणार नाही. अंगठ्याचा ठसा उमटत नाही, नाव यादीतून गळते, माल कमी भरतो. पण तेथे हकनाक परत पाठवलेल्या माणसाला तक्रार करता येते, आणि ती ऐकणे कोणावर तरी बंधनकारक आहे. दानाच्या दारात ही सोय नसते.

म्हणून हक्क आला की दान संपले, असे मात्र नाही. कागद नसलेला स्थलांतरित, नुकतीच नोकरी गेलेला कारकून, घरातून निघून आलेली बाई, यांच्यापर्यंत कायदा पोचायला वेळ लागतो. कोठीघराचे दार त्याच संध्याकाळी उघडते. आज अमेरिकेतील मराठी मंडळांचे सभासद शेजारच्या कोठीघरांसाठी धान्य गोळा करतात, गुरुद्वारांचे लंगर आणि चर्चची कोठीघरे एकाच शहरात एकाच भुकेला सामोरी जातात, ही चांगलीच गोष्ट आहे. ज्याला शक्य असेल त्याने अशा ठिकाणी जावे, पोती उचलावीत, डब्यांच्या मुदती तपासाव्यात, रांगेतल्या माणसाचे छायाचित्र घेऊ नये, आणि त्याला कसली पात्रता विचारण्याआधी आपण त्याच्या रांगेत उभे असतो तर कोणता प्रश्न सोसला असता, हे मनाशी ठरवावे. आणि घरी परतल्यावर आणखी एक चौकशी करावी, ती घेणाऱ्याची नव्हे. दिवसभर काम करणाऱ्या माणसाला संध्याकाळी या रांगेत का यावे लागते, हे मजुरी ठरवणाऱ्यांना आणि कायदे करणाऱ्यांना विचारावे.

जेरुसलेमच्या विधवांना अन्न मिळत नव्हते, तसा तक्रार करण्याचा लेखी अधिकारही नव्हता. त्यांच्या लोकांनी त्यांच्यासाठी कुरकूर केली, आणि ज्यांच्या हाती वाटप होते त्यांनी ती ऐकली. ज्या कोठीघरात घेणारी बाई पिशवी परत ठेवून 'हे आमच्याकडे खात नाहीत, दुसरे काही आहे काय?' असे न भिता म्हणू शकते, आणि वाटणारा न रागावता फळीकडे वळतो, त्या कोठीघराचे काम बरे चालले आहे असे समजावे.